बर्फाच्या वळवामागे हरीश

नेदरलँड्समधल्या आमच्या उइटहॉर्न गावातली मराठी मंडळी हरीश खरवंडीकरला ‘वेधशाळा’ म्हणतात. कौतुकाने नव्हे. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हे शहाणपण आम्ही सगळे पुण्या-मुंबईहून येताना सोबत घेऊन आलो आहोत. पण हरीशला ते नाव मानाचं वाटतं. फोन उचलला की तो स्वतःच म्हणतो, “बोला, वेधशाळा.”

मी अभिराम. त्याच्या घरापासून चौथं घर माझं. आम्ही दोघं सकाळी एकाच ट्रामने झुइडासला, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या ऑफिसांच्या भागात जातो. तो एका बँकेच्या पेमेंट सिस्टिमवर काम करतो, मी समोरच्या इमारतीत तितकंच कंटाळवाणं काहीतरी करतो. ट्राम नव्हती तेव्हा बसने जायचो. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून आकाशाबद्दल मी जेवढं ऐकलंय, तेवढं वैमानिकांनीही ऐकलं नसेल.

हरीश मूळचा शेवगावचा. “आमच्याकडे ढग यायचे, गाव बघायचे आणि पुढे जायचे,” असं तो सांगतो. असा मान वर करून वाढलेला माणूस वर्षातले निम्मे दिवस आकाशातून काही ना काही पडत असलेल्या देशात नोकरीला आला. उपाशी माणसाला थेट पंगतीत बसवावं तसं त्याचं झालं. पहिल्याच वर्षी त्याने घरामागच्या शेडच्या छपरावर स्वतःचं हवामान केंद्र उभारलं. वारा मोजायला गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, पाऊस मोजायला नरसाळं आणि एक थर्मामीटर. शेजारच्या डच बाईंना ते कबुतरं हाकलायचं यंत्र वाटलं. महिन्याभराने त्यांनी “गेली का हो कबुतरं?” म्हणून चौकशी केली, आणि हरीशने त्यांना तासभर उभं करून वाऱ्याची दिशा समजावली. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही.

एकदा भर उन्हात त्या नरसाळ्याने तीन मिलिमीटर पाऊस नोंदवला. हरीशने लगोलग ‘उइटहॉर्न वेधशाळा’ या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : “अत्यंत स्थानिक सर. कारणांचा शोध सुरू.” कारण छपरावरच बसलं होतं. एक धष्टपुष्ट सीगल नरसाळ्याच्या काठावरून शांतपणे खाली बघत होता. हरीशने नोंद खोडली, पण ग्रुपवर कबुली दिली. तो खोटं बोलत नाही, हे त्याचं मोठेपण. ग्रुपमध्ये एकेचाळीस माणसं आहेत आणि अडतीस जणांनी तो म्यूट केलाय, हेही तोच सांगतो.

पाऊस, धुकं, वादळ हे सगळं त्याला आवडतंच, पण त्याचा जीव अडकलाय तो एकाच गोष्टीत. इंग्रजीत तिला स्नो स्क्वॉल म्हणतात. हरीश म्हणतो, बर्फाचा वळीव.

“वळवाचा पाऊस बघितलायस ना?” त्याने मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा बसमधली चार माणसं वळून बघत होती. “लख्ख ऊन असतं, अचानक एका बाजूने काळं होतं, धुवून काढतं, आणि पंधरा मिनिटांत परत ऊन. तसंच, पण बर्फाचं! समुद्रावरून एक पट्टा येतो. दहा-बारा किलोमीटर रुंद. आत सापडलास तर स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. म्हणून तर गाड्या एकमेकींवर आदळतात. गाडी चालवताना त्याच्यासारखं वाईट दुसरं काही नाही.”

“मग तुला ते कशाला बघायचंय?”

“बघायला पाहिजे रे,” तो म्हणाला. आणि पुन्हा खिडकीबाहेर ढग शोधू लागला.

पण नशीब बघा. अकरा वर्षांत त्याला एकही वळीव भेटला नव्हता. एकदा तर तो भर दुपारी झुइडासवरूनच गेला. त्या वेळी हरीश बिनखिडकीच्या मीटिंगरूममध्ये होता, आणि लक्ष विचलित होऊ नये म्हणून नव्या मॅनेजरने सगळ्यांचे फोन एका टोपलीत गोळा केले होते. टोपलीत हरीशचा फोन वीस मिनिटं गुरगुरत होता. बाहेर येऊन बघतो तर खालच्या सायकली पांढऱ्याशुभ्र आणि वर निळं आकाश.

दुसऱ्या वेळी त्याने रीतसर सुट्टी टाकली आणि पहाटे झांडवोर्टच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला. साडेतीन तास. पट्टा आला, दक्षिणेला सरकला आणि थेट उइटहॉर्नवर, त्याच्या शेडवर जाऊन पडला. मृण्मयीने, म्हणजे त्याच्या बायकोने, खिडकीतून चौदा सेकंदांचा व्हिडिओ काढून पाठवला. खाली लिहिलं होतं : “तुझं पार्सल आलं होतं. तू घरी नव्हतास.”

मृण्मयी तशी फार बोलत नाही. ती बोलते तेव्हा असंच बोलते.

आता गेल्या जानेवारीतला तो शनिवार. हार्लेमच्या मराठी मंडळाने एका शाळेचा हॉल घेऊन संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं, दुपारी दीड वाजता. सगळी जबाबदारी मृण्मयीवर. ती सकाळीच मैत्रिणींबरोबर सजावटीला पुढे गेली. तिळाच्या लाडवांचे सहा डबे आणि वाणाची दोन खोकी मागाहून हरीशच्या गाडीतून यायची होती. वाण म्हणून तिने यंदा सायकलचे लाल दिवे आणले होते. बटण दाबलं की लुकलुकणारे, रबरी पट्टीने कुठेही अडकवता येणारे, ऐंशी नग. “प्लास्टिकचे डबे किती वाटायचे?” असं तिचं म्हणणं.

गाडीत आम्ही चौघं. चालवायला हरीश. शेजारी त्याचे सासरे, वासुदेवराव, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते निफाडकडे तलाठी होते, मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले, आणि तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. मागे मी, मांडीवर लाडवांचे दोन डबे घेऊन, आणि माझ्या बाजूला हरीशची दहा वर्षांची मुलगी स्वानंदी. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ती इंग्रजीत. राग आला तर डचमध्ये.

निघायचं होतं बाराला. हरीशने आधी चाकांतली हवा बघितली. मग काच धुवायचं पाणी भरलं. मग ते पाणी जुनं वाटतंय म्हणून काढून पुन्हा भरलं. मी घड्याळ बघत होतो आणि तो फोनवर रडार बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“हरीश,” मी हळूच विचारलं, “काही येतंय का?”

“समुद्रावर एक पट्टा आहे,” तो तितक्याच हळू म्हणाला. “एक अकराला क्रुकियसला पोचतोय. आपण एक पाचला तिथल्या जुन्या पंपघराच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची. सुरक्षित. वीस मिनिटं बघायचं, आणि दीडला हॉलवर. कुणाला काही कळणारसुद्धा नाही.”

मला तेव्हाच नको म्हणता आलं असतं. पण अकरा वर्षं मी त्याच्या शेजारी बसत होतो. मी डबे सावरून बसलो.

हूफडॉर्पपर्यंत सगळं सरळ होतं. ऊन इतकं लख्ख की अण्णांनी काळा चष्मा चढवला. मग हरीशने मोठा रस्ता सोडला आणि गाडी कालव्याच्या बांधावर घातली. अरुंद रस्ता, डावीकडे कालव्याचं काळं पाणी, उजवीकडे दोन पुरुष खाली शेतं आणि घरांची छपरं.

“बाबा, वी शुड बी ऑन द हायवे,” स्वानंदी म्हणाली.

“इकडून देखावा छान आहे, बेटा.”

“आजोबा, ही नेव्हर लाइक्स देखावा.”

अण्णांनी काळ्या चष्म्यावरून जावयाकडे एकदा बघितलं फक्त. आयुष्यभर सातबारे तपासलेल्या माणसाची नजर होती ती.

सगळं हरीशच्या हिशेबाप्रमाणे चाललं असतं, पण वाटेत पूल उघडला. इथले पूल होडी आली की वर उचलले जातात. जानेवारीच्या थंडीत कालव्यातून एक शिडाची होडी येत होती. तीत केशरी टोपी घातलेला एकच माणूस बसला होता आणि त्याला जगात कसलीही घाई नव्हती. तो सँडविच खात होता. आम्ही सहा मिनिटं थांबलो. हरीश स्टिअरिंगवर बोटं आपटत होता आणि रडारवरचा जो पट्टा आधी जेवून निवांत निघालेला वाटला होता, तो आता धावत सुटला होता.

पूल खाली आला तेव्हा एक वाजला होता. चार मिनिटांनी आम्ही बांधावर, पंपघरापासून दोन किलोमीटर अलीकडे होतो. समोर एक भिंत उभी होती.

मी भिंत म्हणतो, कारण दुसरा शब्द नाही. जमिनीपासून आकाशापर्यंत राखाडी, खालची कड पांढरी, आणि ती चालत येत होती. एक घर दिसत होतं, ते गेलं. एक झाडांची रांग होती, ती एका टोकाकडून पुसत पुसत गेली.

“आला!” हरीश ओरडला. “अभिराम, आला! सात मिनिटं लवकर आला रे!”

तेवढ्यात गाडीतला फोन वाजला. मृण्मयी. आवाज स्पीकरवर.

“कुठे आहात? बायका यायला लागल्यात.”

“हे काय, वाटेतच आहोत,” हरीश म्हणाला, आणि वारा गाडीला असा लागला की अण्णांचा चष्मा नाकावरून खाली आला.

“हा आवाज कसला?”

“वारा आहे थोडा.”

“आई, वी आर ऑन अ डाइक,” स्वानंदीने सांगून टाकलं. “बाबा टुक द डाइक ऑन पर्पज.”

“हरीश,” मृण्मयी म्हणाली, “माझे लाडू...” आणि फोन कटला. रेंज गेली की तिने ठेवला, ते आजवर कळलेलं नाही.

त्याच क्षणी सगळं पांढरं झालं. समोरची काच, बाजूच्या काचा, मागची काच. जणू कुणीतरी गाडी कणकेच्या डब्यात बुचकळली. हरीशने गाडी गोगलगायीसारखी पुढे नेली, उजव्या बाजूला एका घराच्या फाटकासमोर थोडी रुंद जागा होती तिथे घेतली, थांबवली, सगळे दिवे लावले. हे सगळं त्याने बरोबर क्रमाने केलं.

मग तो दार उघडून बाहेर पडला. मीही पडलो. आयुष्यभर ज्याची वाट बघितली, त्याच्यासमोर हरीश दोन्ही हात पसरून उभा राहिला. बर्फ आडवा येत होता. तीन सेकंदांत त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा भरून गेल्या.

“कसं दिसतंय?” त्याने मला विचारलं.

“म्हणजे?”

“मला काही दिसत नाहीये! तू सांग!”

मी सांगणार काय? मला माझे बूट दिसत नव्हते. पण मागच्या बाजूला कुठेतरी एका गाडीचं इंजिन ऐकू आलं आणि हरीशचे हात खाली आले. त्याचा चेहराच बदलला. अकरा वर्षं तो मला जे सांगत होता ते आता त्याला स्वतःला आठवलं : वळवात माणसं मरतात ती थंडीने नाही, मागून येणाऱ्या गाडीने.

“सगळे बाहेर,” तो ओरडला. “अण्णा, स्वानंदी, गाडीपासून लांब, त्या फाटकाच्या आत उभे राहा. अभिराम, दिवे काढ!”

“कुठले दिवे?”

“वाणाचे!”

आम्ही वाणाची खोकी फोडली. मी आणि स्वानंदी एकेक बटण दाबत होतो आणि हरीश दोन्ही हातांत लुकलुकणारे लाल दिवे घेऊन मागे पळत होता. बांधाच्या कडेला लाकडी खुंट होते, त्या प्रत्येकावर रबरी पट्टी ताणून एक दिवा. मग परत यायचा, पुन्हा ओंजळभर न्यायचा. वारा ढकलतोय, पाऊल घसरतंय, शेजारी पाणी. दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा बसल्या बसल्याच एक दिवा लावला आणि मग उठला. पन्नास-साठ खुंट तरी त्याने सजवले असतील.

ते इंजिन होतं एका फुलांच्या व्हॅनचं. आल्समेरकडून येत होती. लाल रांग बघून ती हळू झाली, आणि आमच्या गाडीपासून तीन पावलांवर थांबली. आतून एक उंचच उंच माणूस उतरला. त्याचं नाव खेरित.

“मला वाटलं ख्रिसमसचा बाजार अजून उठला नाही,” तो डचमध्ये म्हणाला. “तुम्ही काय विकताय?”

“काही नाही,” हरीश धापा टाकत म्हणाला. “तुम्ही आदळू नये म्हणून.”

खेरितने खुंटांकडे बघितलं, तीन पावलांच्या अंतराकडे बघितलं, आणि हरीशचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. मग तोही आपल्या व्हॅनमधला लांब दिवा घेऊन मागे जाऊन उभा राहिला.

इतक्यात त्या पांढऱ्या गोंधळातून घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग. सत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई, सायकलवर, पुढच्या टोपलीत कांद्याची पात, नाकाचा शेंडा लाल. आम्ही मध्ये उभे होतो म्हणून त्यांना उतरावं लागलं, याचा त्यांना किंचित राग आला होता.

“लेकर वेर्त्ये, हे?” त्या म्हणाल्या. म्हणजे, छान हवा पडलीय, नाही?

“बाई, थांबा इथे, पुढे काही दिसत नाही,” हरीश डचमध्ये विनवू लागला.

“मला रस्ता पाठ आहे,” त्या म्हणाल्या. पण स्वानंदीने डबा उघडून लाडू पुढे केला, तेव्हा त्या थांबल्या.

अण्णा या सगळ्या वेळात फाटकाच्या आत स्वस्थ उभे होते. आधी त्यांनी छत्री उघडली. छत्री एकदा उलटी झाली, त्यांनी ती सुलटी केली, मग ती त्यांच्या हातातून निघाली आणि कालव्यावरून पलीकडे जाताना शेवटची दिसली. ते जराही विचलित झाले नाहीत. त्यांनी कोटाच्या खिशातून मोजायची टेप काढली. चाळीस वर्षांच्या नोकरीत खिशात टेप असायची, ती निवृत्तीनंतरही राहिली.

“हरीशराव,” त्यांनी हाक मारली, “तुमचा तो बर्फ मोजायचा आहे का? की नुसतंच पळायचंय?”

हरीश तेव्हा बांधावर कुठेतरी दिवे लावत होता. अण्णांनी स्वतःच गाडीच्या बॉनेटवर टेप रोवली. मग हळदीकुंकवाच्या निमंत्रणपत्रिकेची कोरी पाठ काढली, पेन काढलं, हातमोज्यासकट लिहायला बसले.

“अण्णा, काय लिहिताय?” मी विचारलं.

“पंचनामा,” ते म्हणाले. “गारपीट झाली की आम्ही हेच करायचो. तुमचे हे वेधशाळावाले आधी सांगत बसतात, येणार येणार. आमचं काम येऊन गेल्यावर. पण आज येत असतानाच जागेवर हजर आहे. अशी संधी नोकरीत कधी मिळाली नाही.”

अठरा मिनिटं. मग कुणीतरी पडदा ओढावा तसा पट्टा पुढे निघून गेला. ऊन पडलं. कालवा, शेतं, छपरं, सगळं पांढरं आणि लखलखीत, आणि आमच्यामागे बांधावर लाल दिव्यांची रांग दिवसाढवळ्या लुकलुकत होती. त्या दिव्यांमागे सात गाड्या उभ्या होत्या. एकीलाही ओरखडा नव्हता.

अण्णांनी पंचनामा पूर्ण केला आणि पंचांना समोर बोलावलं. पंच म्हणजे मी, खेरित आणि आजीबाई. कागदावर वाचून दाखवल्याची नोंद असते, तेव्हा वाचून दाखवायलाच हवं, म्हणून त्यांनी तो मोठ्याने, स्वच्छ मराठीत वाचला. खेरितने टोपी काढली. आजीबाईंनी मध्येमध्ये मान डोलावली. दोघांनी सह्या केल्या. आजीबाईंनी सहीखाली पोस्टकोडही घातला. हरीशने तोपर्यंत जमतील तेवढे दिवे गोळा केले होते. मग आम्ही निघालो. गाडीत हरीश एकच वाक्य बोलला.

“मी बघितलाच नाही, अभिराम. पूर्ण वेळ माझी पाठ होती.”

स्वानंदीने पुढे वाकून त्याच्या डोक्यावरचा बर्फ झटकला.

हॉलवर पोचायला दोन वाजून गेले. सत्तर-ऐंशी बायका काळ्या साड्या नेसून वाट बघत बसलेल्या. मृण्मयी दारातच उभी होती. तिने आधी मुलीला जवळ घेतलं, मग वडिलांना आपादमस्तक बघितलं, मग डबे मोजले, मग दिव्यांची खोकी. खोक्यांत ओले, चिखलाळलेले, अजून लुकलुकणारे दिवे होते.

“हे पेटलेले का आहेत?”

“बरंच काही झालं,” हरीश म्हणाला.

“हायवे बंद होता?”

हरीश खोटं बोलत नाही, हे मी आधीच सांगितलंय. पण त्या क्षणी तो खरंही बोलेना. तो नुसता उभा राहिला आणि त्याच्या टोपीतून पाणी गळत राहिलं. शेवटी अण्णाच पुढे झाले. “सगळं लेखी आहे,” म्हणत त्यांनी खिशातून कागद काढून लेकीच्या हातात दिला.

मृण्मयीने वाचायला सुरुवात केली. दोन ओळींनंतर तिची भुवई वर गेली. अर्ध्यावर आल्यावर तिने नवऱ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं, आणि सरळ व्यासपीठावर जाऊन माइक हातात घेतला.

“मैत्रिणींनो, उशीर का झाला ते वाचून दाखवते,” ती म्हणाली. आणि तिने वाचलं :

“पंचनामा. आज रोजी शनिवार, दुपारी एक वाजून चार मिनिटांनी, मौजे क्रुकियस, तालुका हार्लेमरमेर, जिल्हा उत्तर हॉलंड, येथील कालव्याच्या बांधावर आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर असता वायव्येकडून अचानक बर्फवृष्टी झाली. सदर बर्फवृष्टी अठरा मिनिटे टिकली. मोटारीच्या टपावर... खोडून... बॉनेटवर टेपने मोजले असता बर्फ चार सेंटिमीटर भरला. जीवितहानी नाही. वित्तहानी : छत्री, काळी, एक, कालव्यात गेली. तिळाचे लाडू सुरक्षित, पैकी सात नग पंचांनी खाल्ले. महामार्ग मोकळा असताना सदर बांधाचा रस्ता चालक श्री. हरीश खरवंडीकर यांनी स्वखुशीने व हेतुपुरस्सर निवडला, असे त्यांच्या कन्येने विचारले नसताना सांगितले. तथापि, बर्फवृष्टी चालू असता सदर चालकाने स्वतः पळून, पडून, खुंटांस दिवे लावले, त्यामुळे मागील सात वाहने वाचली, हेही नमूद करणे आवश्यक आहे. पंचांना वाचून दाखविले, बरोबर आहे.”

हॉल असा हसला की वरच्या मजल्यावर डच नाटकाची तालीम करणारे लोक जिन्यातून डोकावले. पण ‘तथापि’पासून पुढे मृण्मयी एकेक शब्द हळू वाचत होती. पुढच्या रांगेतल्यांच्या ते लक्षात आलं.

“उखाणा घ्यायला लावा त्यांना!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांनी ते उचलून धरलं. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषाने उखाणा घ्यायचा, तोही ओल्या पॅंटीत! हरीशला ढकलत ढकलत माइकपाशी नेला. त्याने चष्मा पुसला, छताकडे बघितलं, जणू तिथे रडार आहे, आणि म्हणाला :

“वायव्येकडून ढग आले, हवेचा दाब कमी,
मृण्मयीचं नाव घेतो, माफीची नाही हमी.”

“नाहीच,” मृण्मयी माइकवरच म्हणाली. पण तिने त्याच्या हातात तिळगूळ ठेवला.

वाणाचे दिवे काही जणींना कमी पडले. त्यांना नंतर पोस्टाने पाठवले. ज्यांना चिखलाळलेले मिळाले त्या मात्र ते पुसायला तयार नव्हत्या.

अण्णा फेब्रुवारीत परत गेले. ‘उइटहॉर्न वेधशाळा’ ग्रुपवर आता त्रेसष्ट माणसं आहेत आणि बऱ्याच जणांनी आवाज चालू केलाय. रस्ता निसरडा होणार असेल तर हरीश तसं दोन ओळींत लिहितो, आणि लोक खरोखर उशिरा निघतात. माझ्या बायकोने एकदा तर त्याच्या सांगण्यावरून डेंटिस्टची वेळ बदलली.

आणि मार्चच्या सुरुवातीला एक गोष्ट झाली, ती मला हरीशने सोमवारी ट्राममध्ये सांगितली. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मृण्मयीने गाडीची किल्ली उचलली.

“तुझ्या रडारवर काय आहे?” तिने विचारलं.

त्याला वाटलं टोमणा आहे. “आहे एक छोटासा. आयमाउडनकडे. का?”

“गाडी मी चालवणार. थांबायची जागा मी ठरवणार. आणि तू गाडीतून उतरायचं नाही.”

स्वानंदीला मैत्रिणीकडे सोडून दोघं आयमाउडनच्या बंदरावर गेली. मृण्मयीने गाडी एका गोदामाच्या आडोशाला, समुद्राकडे तोंड करून लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पट्टा आला. मार्चमधला, अशक्त, निम्मा बर्फ, निम्मा पाऊस. दीपगृह गेलं, धक्का गेला, मासेमारीच्या बोटी गेल्या, आणि नऊ मिनिटांनी एकेक करून सगळं परत आलं. हरीशने सगळा बघितला. पहिल्या पांढऱ्या कडेपासून शेवटच्या थेंबापर्यंत.

“मग? कसा होता?” मी विचारलं.

“साधारणच होता,” तो म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. “मृण्मयी म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. मग तिने वायपर चालू केला आणि आम्ही समोरच्या टपरीवर गरमागरम किबलिंग, ती माशाची भजी, खाल्लं. तिने माझ्यातलंही खाल्लं.”

ट्राम झुइडासला लागली. आम्ही उतरलो आणि आपापल्या इमारतींकडे निघालो.